बांगडे एक्केचाळीस

बोर्गहिल्डबाईंनी किंमत सांगितली नाही.
"आधी उलटी करून बघ," म्हणाल्या.
कणा ओकचा, शाबूत. डाव्या कुशीत मात्र
सुरी लोण्यात जावी तशी गेली.

हिवाळाभर ओडवारनं फळ्या वाफवल्या, वाकवल्या,
तांब्याचे खिळे ठोकले.
रंग खरवडला: पांढरा, हिरवा, पुन्हा पांढरा,
आणि बाकाखाली पेन्सिलीनं
'ऑगस्ट त्रेसष्ट. बांगडे एक्केचाळीस.'

बाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.
"घरी अकरा आले होते."
मग बऱ्याच वेळानं,
"ही फळी घासू नकोस."

एप्रिलमध्ये होडी फ्योर्डात उतरवली.
एका सिलिंडरचं इंजिन तिसऱ्या झटक्याला खोकलं.
सांध्यासांध्यांतून पाणी आलं.
येऊ द्यायचं असतं; लाकूड पितं, फुगतं,
फटी आपल्या आपण मिटतात.

रात्री दोनदा तो बादली घेऊन धक्क्यावर गेला.
वर बाईंच्या खिडकीत दिवा होताच.