दुसरा काटा

रिपोर्ट तीन दिवस हिशेबाच्या जुन्या वहीत ठेवला,
सावद्याच्या काट्यावरच्या त्या वहीत, जी आता कोणी उघडत नाही.
जळगावच्या डॉक्टरांनी पेनानं गोल केला होता :
चार अधिक तीन, सात.
एवढीशी बेरीज. मी पस्तीस वर्षं
टनाच्या खाली बोललो नव्हतो.

तिन्ही रात्री अंधारातच उठलो,
भिंत चाचपत मोरीपर्यंत,
कितीदा, ते कोकिळेला मोजता येऊ नये म्हणून.

चौथ्या पहाटे गच्चीवर बिबड्यांचा घाटा रटरटत होता.
तिचे हात गुंतलेले असतानाच सांगायचं ठरवलं होतं.
‘लघवीच्या पिशवीखाली एक गाठ असते, अक्रोडाएवढी.
सगळ्या पुरुषांना असते.’
‘मग?’
‘माझ्या गाठीत कॅन्सर निघाला.’
तिनं घाटा हलवायचं थांबवलं नाही.
खाली लागला असता.
‘कधी कळलं?’
‘मंगळवारी.’
‘आणि आज शुक्रवार.’
त्या दिवशीचे बिबडे जाड झाले. अजून पुरते वाळले नाहीत.

लीलाधर सुरतेहून फोनवर गप्पच झाला.
मागे कापडाची मशीनं, मग तीही बंद.
दार लावून घेतलं असावं.
रंजना आधी रडली, मग सगळे आकडे विचारले.
लेकीसमोर जे शब्द माझ्या तोंडातून फुटत नव्हते,
प्रोस्टेट, मूत्रमार्ग आणि त्यापुढचे,
ते तिनंच घडाघडा म्हटले.
भुसावळला जीवशास्त्र शिकवते ती.
तिच्यासाठी मी फळ्यावरची आकृती झालो, बरं वाटलं.
वामनअण्णा म्हणाले, ‘सत्तरीत सगळ्यायले होते भो ते.
काहीच नको करू.’
दुपारी मात्र उन्हाचे परत आले,
बऱ्हाणपूरच्या कुणा वैद्याचा नंबर लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून.

ऑपरेशन लगेच, असं जळगावला म्हणाले होते.
कोकिळा म्हणाली, ‘दुसऱ्याला दाखवू.’
‘डॉक्टरांना काय वाटेल? भरवसा नाही असं होईल.’
ती चौथी शिकलेली.
‘गाडी तुम्ही दोनदा तोलायचे ना?
एकदा भरलेली, एकदा रिकामी?’

तेव्हा हुसेन तडवी आठवला.
सातपुड्याच्या पायथ्याहून केळी घेऊन आला होता.
माझी पावती पाहिली, काही बोलला नाही,
आणि गाडी घेऊन सरळ फैजपूरच्या काट्यावर गेला.
मी चारचौघांत त्याला नको ते बोललो.
संध्याकाळी दुसरी पावती ठेवली त्यानं माझ्यासमोर :
चाळीस किलोंचा फरक.
सकाळी पत्रा उचलला तर सांध्यात
सुपारीएवढा खडा.
मी लबाड नव्हतो. खडा होता.
हुसेनची माफी मागायची मात्र राहिली ती राहिलीच.

जळगावच्या डॉक्टरांनी काचा आणि मेणातले ठोकळे
स्वतः डबीत भरून दिले. ‘जरूर दाखवा,’ म्हणाले.
यासाठी मी दोन रात्री वाक्यं जुळवत बसलो होतो.
नाशिकपर्यंत कोकिळेनं डबी मांडीवर धरली.
माझेच तुकडे, बिनतिकिटाचे.

तिथल्या बाईंनी दहा दिवसांनी कळवलं :
तीन अधिक चार.
‘सातच की,’ मी म्हणालो.
‘सातच. पण आधी तीन आहे, ते बरं.’
शाळेत तर घोकून घेतलं होतं,
क्रम बदलला तरी बेरीज बदलत नाही.
बेरीज नाहीच बदलली. घाई थोडी बदलली.
हाडांचा स्कॅन बाकी आहे.
किरणं की ऑपरेशन, बसून ठरवायचं आहे.
लीलाधर रविवारी येतोय.
अण्णांनी वैद्याचा नंबर आणखी दोनदा दिला.

रात्री आता दिवा लावून उठतो.
कोकिळा भिंतीकडे तोंड करून झोपलेली असते,
म्हणजे तसं दाखवते.
मी येऊन आडवा झालो की म्हणते,
‘तीन.’
‘दोनच,’ मी म्हणतो.
‘तीन. मी पहिल्यापासून जागी आहे.’