शून्य

पहाटे सव्वापाचला पाथर्डी फाट्यावर
चहावाल्याचं शटरही अर्धंच वर असतं.
मी वाकून बुटाची नाडी बांधतो
आणि गुडघा सत्तेचाळीस वर्षांचा आहे हे मला कळतं.

समोर पांडवलेण्यांचा डोंगर, अंधारात आणखी थोडा अंधार.
पायऱ्या किती, मला माहीत नाही.
मोजायच्या नाहीत असं ठरवलंय.
मोजल्या की मी भाव करायला लागतो:
आज अर्ध्या, उद्या दीडपट.
असे सौदे मी स्वतःशी पुष्कळ केलेत
आणि प्रत्येकात दोन्ही बाजूंनी बुडालोय.
चढताना तोंड श्वासात गुंतलेलं राहतं,
एवढ्यासाठीच हा डोंगर.

सुरुवात डबीपासून झाली.
एकीकडे चुना, एकीकडे तंबाखू,
मधे बावीस वर्षं.
दातांच्या डॉक्टरनं आरसा धरला, बोलला काही नाही,
बिलही नेहमीचंच लावलं.
त्या रात्री मी डबी फेकली नाही.
फेकलेली डबी शोधायला मी कचराकुंडीपाशी गेलेलो आहे,
पूर्वी एकदा, बॅटरी घेऊन.
म्हणून या वेळी धुतली, पुसली
आणि वैजूला दिली. टिकल्या ठेव म्हटलं.
वास येतो, ती म्हणाली.
तरी ठेवल्या.

एक्केचाळीस दिवस.
हात शर्टाचा खिसा चाचपायचा, मी हाताला बडीशेप द्यायचो.
दुपारी तीनला मशिनींचा सूर एकसारखा लागला
की जीभ गालाच्या आत जाऊन
रिकाम्या घराची कडी वाजवून यायची.

बेचाळिसाव्या दिवशी सिन्नरला, पगारेच्या पुतण्याची हळद.
मांडवामागं, जनरेटरच्या धुरात,
कुणीतरी तळहात पुढं केला.
मळलेली, आयती.
मी नाही म्हणालो असतो,
त्यानं विचारलं असतं तर.

परतीच्या बसमध्ये
एकेक दिवस खिडकीबाहेर टाकत आलो.
मोहदरी घाट उतरेपर्यंत सगळे संपले.
शिंदे-पळशाला टाकायला काही उरलं नव्हतं.

सकाळी गजर वैजूनं बंद केला.
मी भिंतीकडे तोंड करून जागा.
डोंगरानं काही चौकशी केली नाही.

अंबडला, शिफ्ट सुरू होताना,
तेजल गांगुर्डे मायक्रोमीटर घेऊन आली.
आयटीआयची पोरगी, कंपनीत तिसराच महिना.
मीच शिकवलेलं तिला:
पार्ट मोजायच्या आधी शून्य बघ.
तोंडं पूस, मिटव, रॅचेटचे तीन टिक,
रेघेवर रेघ बसते का ते बघ.
"सर, दोन रेघा पुढं गेलंय."
काल?
"काल बरोबर होतं. मीच लावलेलं."
मान खाली. मी रागावणार असं वाटलं तिला.

मायक्रोमीटरवर मी कधी रागावलेलो नाही.
तुझ्याच्यानं होणार नाही,
तुझ्या बापाच्यानंही झालं नव्हतं,
असलं काही मी त्याला कधी ऐकवलेलं नाही.
कपाटातली चावी काढायची,
स्लीव्हच्या भोकात अडकवायची,
केसभर फिरवायची.
तिनं फिरवली. टिक, टिक, टिक.
बसली रेघ.
"रोज सरकतं का हो हे?"
रोज नाही, म्हणालो. बघायचं मात्र रोज.
बोलताना माझ्या तोंडाला कालचा वास होता.
तिला आला असणार.

आज गुरुवार.
कितवा दिवस ते विचारू नका,
कॅलेंडरवर फुल्या मारणं मी सोडलंय.
खाली अंबडचे दिवे, पहिल्या शिफ्टची बस वळण घेतेय,
दगड गार, खिशात बडीशेप.
अर्ध्या वाटेवर मफलरवाले गृहस्थ भेटतात,
नाव अजून विचारलेलं नाही.
"मधे दिसला नाहीत?"
सरकलो होतो जरा, म्हणालो.
त्यांना वाटलं, पायरीवरून.
"जपून," म्हणाले, "ती खालची हलते,
मीही पडलोय तिथं."
आणि काठी टेकत
माझ्या पुढं चढायला लागले.