कल्ला

हर्णैचा सकाळचा लिलाव उरकून
द्रुपदाबाय चोगले शाखेत आली,
हातांना अजून बर्फाचा गारठा.
एफडी पिकली होती. होडी विकल्याचे
साडेचार लाख.

मार्च होता. माझे तीन अर्ज कमी पडत होते.
मी खुर्ची दिली, चहा सांगितला,
'मावशी' म्हणालो. हे प्रशिक्षणात शिकवतात.
पंधरा वर्षांचा तक्ता उघडून
शेवटच्या रकान्यातल्या आकड्याला पेनाने गोल केला.

तिनं तो आकडा पाहिलाच नाही.
सुरमईचा कल्ला उचलून बघावा
तसं पत्रकाचं बारीक अक्षर नखानं चाचपलं,
आणि म्हणाली,
"दलाल शेकड्याला पाच घेतो, समोर घेतो.
तुजं यात किती?"

बाजार पडला तर, मध्येच पैसे लागले तर, मीच मेलो तर,
सगळ्यांची उत्तरं मला पाठ होती.
हा प्रश्न पुस्तिकेत नव्हता.

म्हटलं, मला पगार असतो.
"पगार बरफवाल्यालाबी असतो."
काचेमागून मॅनेजर बघत होते.
मी पहिल्या वर्षाचा आकडा सांगितला,
मलाच ऐकू येईल इतक्या हळू.
बँकॉकची सहल नाही सांगितली.

ती रागावली नाही.
"येवढं हातात पडत आसंल तर
शिळं पापलेट मीबी ताजं म्हणून इकीन, बाबा."
चहा संपवला. पैसे पुन्हा एफडीत.

गोल केलेल्या आकड्यावर तिच्या बोटांचं पाणी,
शाई पसरलेली.
आठवडाभर खणाला म्हावऱ्याचा वास.

एकतीस तारखेच्या आत माझे तीन अर्ज झाले.
तिघांनीही चहा घेतला.
कुणी काही विचारलं नाही.