बी वाजेपर्यंत

अर्जावर वयाचा रकाना एवढासा.
दोन वर्षं दहा महिने, मी लिहिलं,
आणि 'दहा' जरा ठळक काढले.

आम्ही मिरजेचे, दर्ग्याच्या मागच्या गल्लीतले,
जिथं सकाळी सातला कानस चालायला लागते
आणि दुपारी एखादा तंबोरा उगीचच षड्ज धरून बसतो.
शाळा मात्र सांगलीला, विश्रामबागेत.
"मिरजेत शाळा नाहीत काय?" अब्बांनी विचारलं.
आहेत. पण तिथं तीन पुरी लागतात,
आणि जमादारांची नात अडीचलाच गेली,
तिला आता शंभरपर्यंत येतं.

मुलाखत पोरीची, घाम मला.
बाईंनी सफरचंदाचं कार्ड समोर धरलं.
तहसीननं त्याच्याकडं पाहिलंच नाही.
टेबल जुनं होतं, सागवानी.
तिनं त्याच्यावर बोटाचं पेर वाजवलं,
मान वाकडी करून कान लावला,
परत वाजवलं, जरा पुढं,
मग माझ्याकडं बघून म्हणाली, "इथं पोकळ आहे."

ड्रॉवर होता तिथं.

बाईंनी कागदावर लिहिलं. उलटं वाचता येतं मला:
'लक्ष देत नाही. रंग ओळखत नाही.'
प्रवेश दिला. एका तंबोऱ्याएवढी फी.

आमच्या आढ्याला भोपळे टांगलेत,
मंगळवेढ्याकडून आलेले, प्रत्येकावर खडूनं तारीख.
अब्बा काठीनं एकेक हलवतात, ऐकतात,
"बी वाजत नाही अजून," म्हणतात, आणि पुढं सरकतात.
मी विशीत असताना पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला घाई होती.
अब्बा गावाला गेलेले. मी ओलाच कापला.
तारा चढवल्या तेव्हा झकास बोलला.
मे महिन्यात माघारी आला, गळ्यापाशी चिरलेला.
अब्बांनी फेकला नाही. खुंटीला लावलाय,
मी बसतो त्याच्या बरोबर समोर.

ठाऊक आहे, पोर म्हणजे भोपळा नव्हे.
पोर चिरलं तर
गिऱ्हाईक माघारी घेऊन येत नाही.

सव्वासातला रिक्षा. अकरा पोरं, मागं दप्तरांची चळत.
इलॅस्टिकचा टाय. कुठला बूट कुठल्या पायाचा
हे अजून तिचं तिला ठरलेलं नाही.
घरपाठ: उभी रेघ, पानभर.
तिची रेघ उभी राहते, मग बसते,
मग काहीतरी आठवून उजवीकडं निघून जाते.
प्रत्येकीशेजारी बाईंनी लाल पेनानं
एक सरळ रेघ काढून दिली आहे.

मीही दिवसभर तारा ओढतो, सरळच.
पण घोडीवर त्या सरळ तारेखाली
सुताचा एक धागा सरकवावा लागतो,
केसभर इकडं, केसभर तिकडं,
सापडेपर्यंत.
त्याशिवाय तार नुसती वाजते, बोलत नाही.
हे डायरीत कुठं लिहायचं?
'पालकांचा अभिप्राय' याला दोन ओळी आहेत.
मी सही करतो.

"आता काढायचं म्हणू नका," शहनाज म्हणते.
ती दहावीला दोनदा इंग्रजीत अडकली.
त्या पानापासून पोरीला लांब न्यायचंय तिला,
जितक्या लवकर, तितकं लांब.
तिला काय बोलू?

काल दुपारी रिक्षातून उतरली आणि दुकानातच झोपली,
लाकडाच्या भुशावर, एका पायात बूट.
झोपेत म्हणाली, "येस टीचर."

अब्बांनी कानस खाली ठेवली.
पेर वाकवून हात तिच्या कपाळापर्यंत नेला,
आणि तसाच धरून ठेवला, टेकवला नाही.
नुसते ऐकत बसले.

मी दुसरा बूट शोधायला उठलो.
रिक्षातच राहिला असणार.