तळ्याकाठचं हिरवं

डेअरीच्या पावतीवर फॅट दोन-नऊ.
दिवाळीआधी चार-एक होती.
मापावरचा यल्लप्पा म्हणाला, शेवंता, पाणी घातलंस काय गं?
मी किटली उचलली, काही बोलले नाही.

घरी येऊन चंद्रीच्या हनुवटीखाली हात घातला
तर पिशवीभर पाणी डुचमळत होतं.
बोट दाबलं तिथं खड्डा राहिला,
किती वेळ बघत बसले, भरून येईना.

सासरे म्हणाले, अंगात उष्णता हाय, गूळ चार.
जाऊ म्हणाली, दृष्ट.
मी रिकाम्या काडेपेटीत शेण भरलं
आणि सहाच्या बसनं कडोलीहून बेळगाव गाठलं.

डॉक्टरीण शिवलीला हूगार. कन्नडच बोलते.
माझं कन्नड बाजारापुरतं:
एष्टु, ब्याड, नाळे बा.
नोड्री, म्हणाली, आणि नळीला डोळा लावायला दिला.
पिवळी अंडी. एका टोकाला झाकण,
आईच्या कुंकवाच्या करंड्यासारखं, नीट बसवलेलं.
किती सुबक!
असं तोंडातून निसटलंच माझ्या.

मग तिनं कागदावर चित्र काढलं.
शेण, खाचरातलं पाणी, गोगलगाय, गवत, गाय.
गाईच्या पोटात काळीज. आपण माया तिथं असते म्हणतो,
तिच्या चित्रात तिथं पानं पोहत होती,
चपटी, जिवंत,
कोवळ्या पिंपळपानासारखी.

गवताजवळच्या बाणावर माझं बोट थांबलं.
ते मीच कापत होते.
रोज पहाटे, घोटाभर पाण्यात उतरून,
पार बुडख्यापासून, एक काडी वाया जाऊ नये म्हणून.
जावेच्या गोठ्यात कडबा,
माझ्या गोठ्यात हिरवंगार,
आणि केवढा तोरा होता मला त्याचा.

औषध पाजलं. ती म्हणाली तितके दिवस
दूध डेअरीला घातलं नाही.
यल्लप्पानं सांगून पाठवलं, रुसलीस काय?
आता पाण्याच्या वर हातभर सोडून कापते,
बांधावर वाळवते, मग घालते.
खानापूरहून चार बदकं आणलीत गोगलगाईंसाठी;
सासरे त्यांच्यावर रोज ओरडतात
आणि रोज त्यांना भाकरी कुस्करतात.

काल पुन्हा हनुवटीखाली बोट दाबलं.
खड्डा राहिला,
पण उथळ.

तिला यातलं काय कळणार?
संध्याकाळी सोडली की अजून तळ्याकडंच ओढते.
मी दावं मनगटाला दोन वेढे देते
आणि टाच रोवून उभी राहते.