मंगळवारसाठी

"मंगळवारी जा," इशबेल म्हणाली,
ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात देत.
"पुलाखालच्या तळघरात हसवणारे येतात.
पहिल्या रांगेत मात्र बसू नकोस,
सोलून काढतात."

"आधी पोटाचं बघ," मशीनमागून टॅम.
"कोपऱ्यावरचा मासा नको, तेल शिळं.
क्लाइडपलीकडे फैझाची गाडी लागते.
टॅमने पाठवलंय म्हणून सांग.
जास्त काही वाढणार नाही,
पण शिव्या ताज्या देईल."

पेपरात डोकं घातलेला मक्रेडी पुटपुटला,
चित्रं बघायचीच तर चारनंतर,
शाळेची पोरं गेल्यावर.
वरच्या मजल्यावरच्या बाकावर
झोपलं तरी कोणी उठवत नाही.

ग्लासगो असं, घडीघडीने उलगडत गेलं.
आम्ही चादरीचे कोपरे जुळवले.
जवळ आल्यावर इशबेल हळूच म्हणाली,
"तिसरा येतो तो उंच, लाल मोज्यांचा.
त्याचे विनोद पडतात.
तू मात्र हस."

"कोण तो?"

"मोजे मीच धुते,"
आणि तिने ड्रायरमध्ये आणखी एक नाणं टाकलं.

मंगळवारी मी
पहिल्याच रांगेत बसले.