सही जुळत नाही

रूवीतल्या खोलीत एसी टपकतोय बादलीत.
फोनवर खेडच्या शाखेतल्या पाटणकर मॅडम:
"परकार, तिकडून पैसे येतात.
इकडून तिकडे?
एवढ्या नोकरीत पहिलाच फॉर्म बघतेय मी."

कंपनीला टाळं लागून पाच महिने झाले.
भाडं थकलं, व्हिसाचा दंड रोज वाढतोय,
आणि माझेच पैसे माझ्याकडे यायचे
तर कारण लिहावं लागतं.
रकान्यात लिहिलं: जेवण.
खोडलं.
लिहिलं: स्वतःचा खर्च.

एकोणीस वर्षं गुणाकार करत आलो,
रियाल गुणिले घर, गुणिले बहिणीचं लग्न,
गुणिले विहिरीवरचा पंप.
आज भागाकाराला बसलो
तर लाखाचे जेमतेम साडेचारशे,
तेही कमिशन जायच्या आधी.

आणि वर हे, सही जुळत नाही.
खातं उघडलं तेव्हा बावीस वर्षांचा होतो,
आडनावाखाली ऐटीत रेघ ओढून
दोन टिंबं देणारा.
वेल्डिंगच्या हातमोज्यांनी ती रेघ कधी खाल्ली
मलाच कळलं नाही.

सबिहाने जुन्या पासबुकाचा फोटो पाठवला.
किराण्याच्या बिलामागे
रात्री दोनपर्यंत गिरवत बसलो
त्या पोराची सही.
तेराव्यांदा थोडी जमली.
रेघ मात्र थरथरली.

मॅडम म्हणाल्या, बघते, पुढे पाठवते.
सबिहा म्हणाली, पंपाचा हप्ता राहू दे या महिन्यात.
मी बादली मोरीत ओतली,
परत एसीखाली लावली.